मधल्या पायरीवरचे संशोधक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मौंगी बावेंदी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह या तिघांना मिळाले. क्वांटम डॉट्स, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचे स्फटिककण, हा त्यांचा विषय. वर्तमानपत्रांत तिघांची छायाचित्रे आली, त्याखाली त्यांच्या विद्यापीठांची आणि संस्थांची नावे आली. या कथेतली एक पदवी मात्र त्या ओळींत सहसा नव्हती. बावेंदी या विषयात शिरले ते प्राध्यापक म्हणून नव्हे आणि विद्यार्थी म्हणूनही नव्हे. ते ब्रूस यांच्या प्रयोगशाळेत 'पोस्टडॉक' होते. आज मला या पदाचा इतिहास सांगायचा आहे.

आपल्याकडे हा शब्द घराघरात अजून पोचलेला नाही. मुलगा किंवा मुलगी पीएच.डी. झाली, पेढे वाटून झाले, आणि मग कळते की तो दोन वर्षांसाठी जर्मनीला निघाला आहे. नोकरी लागली का? तशी नाही. अजून शिकतोय का? तसेही नाही. मग नक्की काय करतोय, या आजीच्या प्रश्नाला पटेल असे उत्तर मी तरी अद्याप ऐकलेले नाही. डॉक्टरेट हातात आहे, पण जागा कायमची नाही. पगार मिळतो तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या प्रकल्पाच्या पैशातून, आणि मुदत एक, दोन, फार तर तीन वर्षांची. विद्यार्थी नाही म्हणून वसतिगृह नाही आणि प्राध्यापक नाही म्हणून निवासस्थान नाही.

ही व्यवस्था आली कुठून? अमेरिकेत १८७६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झाले तेव्हा त्यांनी वीस फेलोशिप ठेवल्या. त्या घेणाऱ्यांपैकी काहींजवळ आधीच डॉक्टरेट होती. हे पहिले बीज म्हणायला हरकत नाही. खरी सुरुवात १९१९ साली झाली. पहिल्या महायुद्धाने अमेरिकेला दाखवून दिले होते की रसायने आणि उपकरणे यांच्यासाठी जर्मनीवर विसंबून राहता येणार नाही. रॉकफेलर फाउंडेशनने पाच लाख डॉलर दिले आणि नॅशनल रिसर्च कौन्सिलने भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रातल्या ताज्या डॉक्टरांसाठी फेलोशिप सुरू केल्या. कल्पना साधी होती. हुशार तरुणाला वर्ग, तपासायचे पेपर आणि बैठका यांतून दोन वर्षे मोकळे ठेवायचे आणि त्याला वाटेल तिथे काम करू द्यायचे. रॉकफेलरांच्याच पैशावर चालणाऱ्या दुसऱ्या एका मंडळाच्या फेलोशिपवर हायझेनबर्ग १९२४ मध्ये कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे गेले. पुढच्या वर्षी क्वांटम यामिकीची पायाभरणी झाली. तेव्हा ही फेलोशिप हा मान होता. ती मिळणारे मूठभर होते आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे जागा मिळत.

मूठभरांचे हजारो झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडल्यावर. सरकारी पैसा प्राध्यापकांच्या प्रकल्पांकडे वाहू लागला. त्या पैशातून कायमची जागा निर्माण करता येत नाही, पण दोन वर्षांसाठी माणूस ठेवता येतो. इथे एक बारीकसा बदल झाला आणि तो फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. फेलोशिप तरुणाच्या नावाने असे, तो ती घेऊन हव्या त्या गुरूकडे जाई. आता पैसा गुरूच्या नावाने आला आणि तरुण त्या पैशाबरोबर आला. १९६९ साली नॅशनल रिसर्च कौन्सिलनेच या मंडळींवर एक मोठा अहवाल काढला, त्याला नाव दिले 'अदृश्य विद्यापीठ'. विद्यापीठांना आपल्याकडे असे किती जण आहेत याची धड मोजदादही करता येत नव्हती.

आता न्यू जर्सीतल्या मरे हिल या गावी जाऊ. तिथे बेल लॅबोरेटरीज होती. टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा, जिथे १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मला. लुई ब्रूस १९७३ पासून तिथे होते. कॅडमियम सल्फाइडचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवून ते त्यांवर प्रकाशाचे प्रयोग करत होते. त्यांच्या ध्यानात आले की ताजे बनवलेले कण आणि टेबलावर तसेच राहिलेले जुने कण प्रकाश वेगवेगळ्या रीतीने शोषतात. पदार्थ तोच, द्रावण तेच. फरक फक्त आकाराचा होता. ताजे कण साडेचार नॅनोमीटरच्या आसपास, जुने वाढून साडेबारापर्यंत गेलेले. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग.) कण पुरेसा लहान झाला की त्यातल्या इलेक्ट्रॉनला जागा अपुरी पडते आणि त्याच्या ऊर्जेच्या पातळ्या बदलतात. म्हणून रंगही बदलतो. १९८३ मध्ये ब्रूस यांनी हे प्रसिद्ध केले. लेनिनग्राडमध्ये एकिमोव्ह यांना रंगीत काचेतल्या कॉपर क्लोराइडच्या कणांत हेच दोन वर्षे आधी दिसले होते, पण शीतयुद्धाच्या काळात त्यांचे रशियन निबंध पश्चिमेकडे लगेच पोचले नाहीत.

शोध लागला, पण कण धड नव्हते. लहानमोठे, वेडेवाकडे. एकाच आकाराचे कण हुकमी बनवता येत नाहीत तोवर या शोधाचा उपयोग मर्यादित. आणि बेल लॅब्ज हे विद्यापीठ नसल्याने ब्रूस यांच्या हाताशी विद्यार्थ्यांची फौज नव्हती. होते ते पोस्टडॉक, आणि शेजारी मायकेल स्टायगरवाल्डसारखे रसायनतज्ज्ञ. १९८६ मध्ये पॉल ॲलिविसाटोस बर्कलीची डॉक्टरेट घेऊन आले, १९८८ मध्ये शिकागोहून बावेंदी आले. हे दोघेही भौतिक रसायनाच्या वळणाने आलेले, प्रकाश आणि समीकरणांत रमणारे. मरे हिलला त्यांना काचेची भांडी, हवा न लागू देता करायच्या अभिक्रिया आणि दुर्गंधी रसायने यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. दोन वर्षांनी ॲलिविसाटोस बर्कलीला परतले आणि १९९० साली बावेंदी एमआयटीत गेले. ज्यांना क्वांटम डॉट्सची दोन मोठी घराणी म्हणता येईल ती अशी एकाच प्रयोगशाळेतल्या मधल्या पायरीवरून निघाली. मी घराणी हा शब्द मुद्दाम वापरतो. ॲलिविसाटोस यांना नोबेल मिळाले नाही. एका पारितोषिकात तीनच नावे बसतात. ते २०२१ मध्ये शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले.

त्याच मरे हिलमध्ये १९८४ ते ८६ डॉन आयग्लर नावाचे आणखी एक पोस्टडॉक होते. तिथून ते आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत गेले आणि १९८९ च्या नोव्हेंबरात त्यांनी झेनॉनचे ३५ अणू सुईच्या टोकाने एकेक करून सरकवून कंपनीची तीन अक्षरे लिहिली. ते चित्र शाळेच्या पुस्तकांतूनही छापले जाते.

बावेंदी यांनी १९९३ मध्ये मरे आणि नॉरिस या आपल्या दोन विद्यार्थ्यांसह ती प्रसिद्ध कृती छापली. सुमारे तीनशे अंश तापलेल्या एका द्रावकात सेंद्रिय-धातू रसायने पिचकारीने एकदम सोडायची. क्षणात असंख्य बीजकण तयार होतात, तापमान एकदम उतरते, नवे बीज पडायचे थांबते, आणि मग पुन्हा तापवून सगळे कण एकाच चालीने वाढवायचे. हवा तो रंग आला की थांबायचे. त्या द्रावकाचे लांबलचक रासायनिक नाव बाजूला ठेवून सगळे त्याला टोपो म्हणतात. आणि टोपोची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढे अनेकांना अनुभव आला की बाटलीवर नव्वद टक्के शुद्ध असे लिहिलेला टोपो वापरला की स्फटिक छान येतात, आणि नव्याण्णव टक्के शुद्ध, म्हणजे जास्त महाग टोपो वापरला की बिघडतात. उरलेल्या दहा टक्क्यांतल्या फॉस्फॉनिक आम्लांसारख्या अशुद्धीच खरे काम करत होत्या, हे नीट उलगडायला कित्येक वर्षे लागली.

पुरणपोळीची कृती वहीत उतरवून घेता येते, पण कणीक किती सैल हे ज्याने मळताना पाहिले त्यालाच कळते. नॅनोविज्ञानाचे तसेच आहे. निबंधात जे छापता येत नाही ते माणसाच्या हातात राहते आणि माणूस हलला की ते हलते. हलणारा माणूस बहुतेक वेळा पोस्टडॉक असतो. म्हणून या विषयाचा इतिहास शोधांच्या सनावळीपेक्षा कोण कुणाकडे दोन वर्षे राहिले या यादीतून जास्त चांगला कळतो, असे माझे मत आहे.

जाता जाता सांगायला हवे की १९९३ या त्याच वर्षी पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून सुलभा कुलकर्णी यांच्या गटाचा झिंक सल्फाइडच्या क्वांटम डॉट्सवरचा निबंध 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स'मध्ये आला होता. नॅनो हा शब्द तेव्हा आपल्याकडे मोटारीला किंवा साबणालाही चिकटलेला नव्हता.

मधल्या पायरीवर किती काळ उभे राहायचे याला मात्र नियम नाही. सुमिओ इजिमा १९६८ मध्ये जपानात डॉक्टर झाले, १९७० मध्ये अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठात गेले आणि तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर १९८२ पर्यंत काम करत राहिले. बारा वर्षे. त्यांची नजर तिथे तयार झाली. १९९१ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीत त्यांनी कार्बनच्या नॅनोनळ्या पाहिल्या तेव्हा त्यांचे वय बावन्न होते. २००८ साली नॅनोविज्ञानाचे पहिले काव्हली पारितोषिक ब्रूस आणि इजिमा यांना विभागून मिळाले. इजिमा यांचे भले झाले, पण बारा वर्षे परदेशात सूक्ष्मदर्शकात डोळे घालून ज्यांच्या हाती काही लागले नाही त्यांची नावे कोणत्याही यादीत नसतात.

जानेवारी २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान उपक्रम जाहीर केला. जागाही अचूक निवडली होती: कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. फाइनमन यांचे डिसेंबर १९५९ चे ते गाजलेले भाषण तिथेच भरलेल्या अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या बैठकीत झाले होते. वर्षाला कोट्यवधी डॉलर वाहू लागले. जपान, युरोप, चीन, कोरिया मागे राहिले नाहीत. त्या पैशातून यंत्रे आली आणि यंत्रांवर बसायला पोस्टडॉक आले. अमेरिकेतली त्यांची संख्या २००० सालच्या एका राष्ट्रीय अहवालाने सुमारे ५२ हजार धरली होती. त्यात परदेशातून आलेल्यांचा वाटा मोठा होता. प्राध्यापकांच्या जागा मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. हे गणित चौथीतल्या मुलालाही सुटेल, पण ते मांडून पाहण्यात कुणाचाच फायदा नव्हता. प्राध्यापकाला कुशल हात स्वस्तात मिळत होते, विद्यापीठाला निबंध मिळत होते, आणि तरुणाला आशा होती. व्हिसा प्रयोगशाळेशी बांधलेला, शिफारसपत्र एकाच माणसाच्या हातात आणि मुदत दोन वर्षांची. त्यात मोठ्या नियतकालिकात एक निबंध आला तर पुढची मुलाखत, नाही तर दुसरा पोस्टडॉक, मग तिसरा.

अशा हवेत जे घडले ते पुन्हा मरे हिललाच घडले. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातून १९९७ मध्ये डॉक्टर झालेले यान हेंड्रिक शोन पोस्टडॉक म्हणून बेल लॅब्जमध्ये आले आणि पुढे कायम झाले. सेंद्रिय स्फटिकांत अतिवाहकता, प्लास्टिकमध्ये अतिवाहकता, आणि २००१ मध्ये तर एका रेणूच्या जाडीचा ट्रान्झिस्टर. त्या वर्षी सरासरी आठ दिवसांना एक निबंध त्यांच्या नावावर येत होता. तेव्हा कंपनीचे नाव ल्युसेंट होते, तिचे शेअर कोसळत होते, आणि प्रयोगशाळेला चांगल्या बातमीची नितांत गरज होती.

२००२ च्या वसंतात प्रिन्स्टनच्या लिडिया सोन आणि कॉर्नेलचे पॉल मॅक्युएन यांना दिसले की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांतली खरखर एकच आहे. खरखर म्हणजे मोजमापातले आपोआप येणारे हेलकावे. दोन वेगवेगळ्या दिवशी पत्र्यावर पडलेल्या पावसाचे थेंब अगदी एकाच क्रमाने वाजले तर आपण काय म्हणू? मॅल्कम बीझली यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सप्टेंबर २००२ मध्ये तिने अहवाल दिला. २४ आरोपांपैकी निदान १६ मध्ये गैरवर्तन सिद्ध झाले होते. प्रयोगवह्या नव्हत्याच, आणि मूळ आकडे संगणकात जागा नव्हती म्हणून पुसले, असे शोन यांचे सांगणे होते. त्यांना काढून टाकण्यात आले. 'सायन्स'ने आठ निबंध मागे घेतले, 'नेचर'ने सात. कॉन्स्टान्झने २००४ मध्ये डॉक्टरेटही काढून घेतली, आणि त्यावरचा खटला जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत जाऊन २०१४ मध्ये विद्यापीठाच्या बाजूने संपला.

दबाव होता म्हणून खोटे बोलले, ही सबब मला मान्य नाही. तोच दबाव सहन करून हजारो जण खरे आकडे लिहितात. या प्रकरणाचा खरा तोटा कुणाला झाला हे मात्र त्या वेळच्या बातम्यांत मागे पडले. समितीने सहलेखकांना गैरवर्तनातून मुक्त केले. मोठ्यांची पदे राहिली. पण जगभरच्या कितीतरी प्रयोगशाळांत पीएच.डी.चे विद्यार्थी आणि पोस्टडॉक ते प्रयोग पुन्हा करून पाहत होते. जमत नव्हते. 'तुझाच हात वाईट' असे त्यांना वाटत होते किंवा सांगितले जात होते. दोन वर्षांच्या करारातले दीड वर्ष कधीच न घडलेल्या प्रयोगामागे गेले, तर ते भरून द्यायला कुठला निबंध मागे घ्यायचा?

मरे हिलचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. २००८ मध्ये तेव्हाच्या मालक कंपनीने, अल्काटेल-ल्युसेंटने, पदार्थविज्ञानातले मूलभूत संशोधन आवरते घेतले. २०१६ पासून मालकी नोकियाकडे आली.

आपल्याकडे मधली पायरी वेगळ्या नावाने आली. परदेशातून शिकून परतणाऱ्यांना जागा मिळेपर्यंत आधार हवा म्हणून १९५८ साली 'सायंटिस्ट्स पूल' सुरू झाला. जुन्या प्राध्यापकांच्या बोलण्यात 'पूल ऑफिसर' हा शब्द अजून येतो. गंमत अशी की इतर देशांत ही पायरी बाहेर जाण्याची होती, आपल्याकडे ती परत येण्याची होती. पूल म्हणजे इंग्रजीत साठा, पण मराठी अर्थही चुकीचा ठरला नाही. काही जण त्यावरून पलीकडे गेले, काही जण पुलावरच राहिले.

नॅनोविज्ञानासाठी केंद्र सरकारने २००१ मध्ये पहिला उपक्रम काढला आणि २००७ मध्ये पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांचे नॅनो मिशन. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तेव्हा मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी बुरशी आणि वनस्पतींकडून धातूंचे नॅनोकण करून घेत होते. २००४ साली त्यांनी 'नेचर मटेरियल्स'मध्ये दाखवले की गवती चहाच्या अर्कात सोन्याचा क्षार मिसळला की सोन्याचे चपटे त्रिकोणी नॅनोकण तयार होतात. आपण ज्याची दोन पाती सर्दीला चहात टाकतो तोच हा गवती चहा. टोपोही नको आणि तीनशे अंशही नकोत. शास्त्री पुढे उद्योगक्षेत्रात गेले. भात्याच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनोकण वापरणारा टाटांचा जलशुद्धक २००९ मध्ये बाजारात आला, त्यामागच्या कामात त्यांचा भाग होता.

देशातल्या देशात पोस्टडॉक करण्याला मात्र आपल्याकडे फार काळ दुय्यम मानले गेले. निवड समितीत पहिला प्रश्न असे, "बाहेर किती वर्षे होता?" २०१५ मध्ये राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप सुरू झाली, दोन वर्षांसाठी, महिना ५५ हजार रुपये. तिच्यात मला महत्त्वाचे वाटले ते हे की फेलोशिप उमेदवाराच्या नावाने होती, १९१९ सालच्या जुन्या चालीप्रमाणे. वयाची सर्वसाधारण मर्यादा ३५ होती. आपल्याकडे बी.एस्सी., एम.एस्सी., नेटची परीक्षा, मग पाचसहा वर्षांची पीएच.डी. असा रस्ता चालून आलेला मुलगा तिशी ओलांडूनच तिथे पोचतो. मुलीच्या बाबतीत तर याच वर्षांत लग्न, बाळंतपण आणि नवऱ्याची बदली ही तिन्ही येतात. बायकांना वयात पाच वर्षांची सवलत होती, पण त्या पाच वर्षांत प्रयोगशाळा कुणासाठी थांबत नाही.

मला आईवडील विचारतात की असे पत्र आले तर मुलांनी काय करावे. मी सांगतो, प्राध्यापकांचे नाव पाहण्याआधी त्यांच्याकडून गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेले लोक आज कुठे आहेत ते विचारा. त्यांतल्या दोघांना फोन करा. यंत्रावर आठवड्यातून किती तास मिळतात ते विचारा, आणि करार वर्षावर्षाने वाढवायचा असेल तर तो वाढवण्याचा निर्णय कोण आणि केव्हा घेतो तेही. संकोच करू नका. ज्यांना हे प्रश्न आवडत नाहीत त्यांच्याकडे न गेलेले बरे.

इतर ठिकाणी हे प्रश्न एकेकट्याने विचारायचे दिवस सरत चालले आहेत. अमेरिकेत २००३ मध्ये पोस्टडॉकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ॲलिविसाटोस ज्या बर्कलीत परतले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एक आवार. त्या विद्यापीठाच्या पोस्टडॉकांनी मोटार कामगारांच्या युनियनमध्ये सामील होऊन २०१० मध्ये पहिला सामूहिक करार मिळवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते विद्यार्थी-संशोधकांबरोबर संपावर गेले आणि डिसेंबरात पगारवाढीचा नवा करार करून आपापल्या यंत्रांवर परतले.